वाचक विचारतात : ग्रुपला नवा ॲडमिन मिळाला, आता पुढे?

गणपतीच्या आधी मंडळांच्या कार्यकारिण्या बदलतात आणि त्यांच्याबरोबर व्हॉट्सॲप ग्रुपचे ॲडमिनही. या वेळच्या बऱ्याच पत्रांचा विषय तोच आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि नावांऐवजी फक्त वस्ती दिली आहे.

प्रश्न : आमच्या भागातल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर साडेसहाशेच्या वर मेंबर आहेत. ॲडमिन दोनच, दोघंही सत्तरीच्या पुढचे. आता एका तरुण मुलीने आपणहून "मी मदत करते" असं सांगितलं आहे. मागे असंच एका मुलाला ॲडमिन केलं होतं. हारतुऱ्यांचे इमोजी पडले, आणि दीड महिन्यात तो ग्रुपच सोडून गेला. या वेळी काय वेगळं करावं? (सुदामानगर, इंदूर)

त्या मुलाचं काय झालं असेल याचा अंदाज बांधता येतो, कारण बहुतेक ठिकाणी हेच होतं. त्याने एखादा मेसेज डिलीट केला. व्हॉट्सॲपवर ॲडमिनने दुसऱ्याचा मेसेज काढला की त्या जागी तो कोणत्या ॲडमिनने काढला हे नावासकट दिसतं. मग एखाद्या जुन्या मेंबरने भर ग्रुपमध्ये विचारलं, "हे कोण? यांना कोणी अधिकार दिला?" आणि जुने दोन्ही ॲडमिन गप्प बसले. एवढं पुरतं. माणूस कामाला कंटाळून जात नाही, एकटा पडला की जातो.

म्हणून इमोजींच्या आधी तिच्याबरोबर तासभर बसा. फोनवर नको, कोणाच्या तरी घरी, तिन्ही ॲडमिन समोरासमोर. मागच्या महिन्यातले वादाचे ठरू शकतील असे दहा मेसेज शोधून ठेवा : कोणाच्या तरी दुकानाची जाहिरात, उमेदवाराच्या वाढदिवसाचं पोस्टर, नाटकाचं तिकीट विकायचं आहे म्हणून आलेला मेसेज, दोन मेंबरांची वर्गणीच्या हिशोबावरून जुंपलेली बाचाबाची. एकेक दाखवून आधी तिला विचारा, "तू काय केलं असतंस?" मग आपण काय केलं होतं ते सांगा. दहापैकी ज्या तीन-चार ठिकाणी उत्तरं जुळणार नाहीत तिथे तुमच्याकडे नियम नाही, फक्त सवय आहे. नव्या माणसाला तुमची सवय माहीत नसते. ती त्याच बैठकीत लिहून काढा.

नियम सहा-सात ओळींच्या वर नेऊ नका, कारण त्यापुढे कोणी वाचत नाही. "सभ्य भाषा वापरावी" ही ओळ बिनकामाची आहे. स्वतःची भाषा असभ्य आहे असं कोणालाच वाटत नाही. त्यापेक्षा "विक्री आणि जाहिरात फक्त रविवारी, एका मेंबरचा एकच मेसेज" असं लिहा. नाटकाच्या तिकिटाचं काय? आपल्याकडे नाटकाचा प्रयोग म्हणजे वर्षाचं तिकीट काढलेलं आणि ऐनवेळी जाता येत नाही हे नेहमीचंच. तेव्हा "तिकीट छापील किमतीला किंवा कमीत, कोणत्याही दिवशी चालेल" अशी सूट त्यातच लिहून टाका. नियम ग्रुपच्या वर्णनात टाका आणि एका मेसेजमध्ये टाकून तो पिनही करा. पिन 24 तास, 7 दिवस किंवा 30 दिवस ठेवता येते. 30 दिवसांची निवडा आणि महिना उलटला की पुन्हा लावा.

ॲडमिनचा अधिकार सगळ्यात शेवटी द्या. हे सांगायचं कारण असं की व्हॉट्सॲपमध्ये अर्धा ॲडमिन नसतो. तुम्ही "तू फक्त नवीन मेंबर बघ" म्हणून अधिकार दिला तरी तिला मेंबर काढता येतो, दुसऱ्याला ॲडमिन करता येतं, तुमचं ॲडमिनपदही काढता येतं. फक्त ज्याने ग्रुप मुळात तयार केला, तो स्वतः सोडेपर्यंत त्याला कोणी हात लावू शकत नाही. कामाची वाटणी ॲप करून देणार नाही, ती बोलून ठरवावी लागते.

अधिकार देण्याच्या दिवशी सेटिंगही एकदा तपासा. ग्रुपच्या नावावर टॅप केलं की खाली परवानग्यांचा भाग सापडतो. ग्रुपचं नाव-फोटो बदलण्याची आणि मेंबर जोडण्याची परवानगी सगळ्यांना असेल तर ती फक्त ॲडमिनकडे घ्या. नव्या मेंबरला ॲडमिनची मंजुरी लागेल, हा पर्याय सुरू करा. आणि निमंत्रणाची जुनी लिंक रीसेट करा. ती लिंक कधीकाळी कोणी लग्नपत्रिकेसारखी वाटलेली असते आणि कुठल्या कुठल्या ग्रुपमध्ये पडून असते. रीसेट केली की जुनी मेली. ग्रुपची मर्यादा 1024 आहे, त्यामुळे साडेसहाशेला जागेची अडचण नाही. अडचण ही की त्यातल्या किती जणांना तुम्ही ओळखता. मंजुरी देताना तिने विचारायचे दोनच प्रश्न : नाव काय, आणि मंडळातल्या कोणाच्या ओळखीचे? उत्तर दोन दिवसांत आलं नाही तर विनंती नाकारा, पुन्हा मागायला कोणाला बंदी नाही.

आता जाहीर स्वागत. ते नव्या ॲडमिनने स्वतः करायचं नाही आणि तरुण कार्यकर्त्यांपैकी कोणीही नाही. ग्रुपमधल्या सगळ्यात जुन्या ॲडमिनच्या नावाने ते पडलं पाहिजे, कारण वजन त्या नावाला आहे. मजकूर साधारण असा :

"नमस्कार मंडळी. आजपासून आपल्या ग्रुपच्या ॲडमिन म्हणून अमुक काम पाहतील. त्या तमुक यांच्या कन्या. नवे मेंबर आणि रोजचे मेसेज त्या बघतील, वर्गणी आणि कार्यक्रमांची विचारणा पूर्वीप्रमाणे माझ्याकडे. नियम वर पिन केले आहेत. त्यांनी एखादा मेसेज काढला तर तो आम्हा तिघांचा निर्णय समजावा. हरकत असेल तर मला फोन करावा, ग्रुपवर चर्चा करू नये."

"त्यांच्या कन्या" हे काहींना जुनाट वाटेल. पण आपल्या वस्त्यांमध्ये अर्धी ओळख अजून तशीच होते, आणि पहिल्या आठवड्यात तिला ती उपयोगी पडते. तिला नको असेल तर मात्र लिहू नका, विचारून घ्या. शेवटून दुसरं वाक्य सोडू नका. बाकी सगळं विसरलं तरी चालेल.

पहिले पंधरा दिवस तिने मेसेज काढण्याआधी तिघांच्या वेगळ्या छोट्या ग्रुपवर विचारावं. तासाभरात उत्तर आलं नाही तर स्वतः ठरवावं. तीन गोष्टी मात्र न विचारता लगेच काढायच्या : अश्लील काही, कोणाचा पत्ता-कागदपत्रं-आधारचा फोटो, आणि अनोळखी लिंक किंवा एपीके फाइल. लग्नपत्रिका, बँकेची केवायसी, वाहनाचं चालान अशा नावाने एपीके येते, उघडून इन्स्टॉल केली की फोनचे एसएमएस आणि त्यातून ओटीपी चोरांच्या हाती जातात. लग्नपत्रिका ही फोटो किंवा पीडीएफ असते. तिला इन्स्टॉल करावं लागत नाही, एवढं वाक्य वर्षातून दोनदा ग्रुपवर टाकायला हरकत नाही. कोणाचे पैसे गेलेच तर वेळ न घालवता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायला सांगा.

ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज साधारण दोन दिवसांच्या आत काढता येतो, नंतर नाही. काढलेला परतही आणता येत नाही. म्हणून काढण्याआधी स्क्रीनशॉट, त्यात पाठवणाऱ्याचं नाव आणि वेळ दिसली पाहिजे, आणि तो तिघांच्या ग्रुपवर. "मी असं लिहिलंच नव्हतं" हे वाक्य ऐकायला मिळतंच. याला एक अपवाद आहे, तो पुढे कायद्याच्या उत्तरात दिला आहे.

आणि तिचा निर्णय चुकला तर? भर ग्रुपमध्ये तो फिरवू नका. तिला फोन करा, दोघं ठरवा, आणि "मेसेज पुन्हा टाकायला हरकत नाही" असं तिच्याच नावाने जाऊ द्या.

प्रश्न : माझं वय 27. नुकतीच ॲडमिन झाले. आमच्या ग्रुपवर एक काका रोज पहाटे पाच-सहा सुप्रभातची चित्रं आणि दोन-तीन आरोग्याचे फॉरवर्ड टाकतात. ते मंडळाच्या संस्थापकांपैकी, बाबांचे मित्र, मला लहानपणापासून ओळखतात. मेंबर माझ्याकडे तक्रार करतात. काकांना कसं सांगू? (लोकमान्यनगर, इंदूर)

सगळ्यात आधी, पहिल्या आठवड्यात हे काम हातात घेऊ नका. तुमचा पहिला निर्णय संस्थापकांवर पडला तर ग्रुपला वाटेल तुम्ही त्यासाठीच आलात.

सुप्रभात आणि आरोग्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुप्रभातच्या चित्राने कोणाचं नुकसान होत नाही, फक्त महत्त्वाची सूचना खाली दबते. पहाटे साडेपाचला कोणाच्या निधनाची बातमी आली आणि तिच्यावर सात फुलं, चार सूर्योदय पडले की दहा वाजता फोन उघडणाऱ्याला अंत्ययात्रेची वेळ सापडत नाही. काकांना कारण म्हणून हेच सांगा, कारण त्यांना ते लगेच पटेल. मेसेज नको, फोन करा किंवा भेटा. "काका, सकाळच्या निधनवार्ता वर राहत नाहीत हो, लोकांची अंत्ययात्रा चुकते. आपण ‘सुप्रभात कट्टा’ म्हणून वेगळा ग्रुप काढू या का? तो तुम्हीच चालवा." ज्यांना हौस आहे ते तिकडे जातील. वेगळा ग्रुप काढण्याचा कंटाळा करू नका. बंदीपेक्षा पर्याय टिकतो, आणि काकांना ॲडमिन केल्याने त्यांचा सकाळचा वेळही छान जातो.

आरोग्याच्या फॉरवर्डचं तसं नाही, तिथे नुकसान होतं. हृदयविकाराचा झटका आला की जोरजोरात खोकत राहावं, हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतो आहे. दवाखान्याबाहेर एकट्या माणसाने हा उपाय करण्याची शिफारस हृदयरोगतज्ज्ञ करत नाहीत. त्यात 108 ला फोन करण्याची मोलाची मिनिटं जातात. असा मेसेज राहू देऊ नये. पण तो तुम्ही काढू नका, काकांना काढायला लावा. पाठवणाऱ्याने स्वतः काढला की तिथे फक्त ‘मेसेज डिलीट केला’ एवढं दिसतं, ॲडमिनचं नाव येत नाही, कोणाचा अपमान होत नाही. त्यासाठी दोन दिवसांची मुदत आहे, तेवढ्यात फोन होतोच. काकांना ते जमत नसेल तर फोनवरच सांगा : मेसेज दाबून धरा, वरचा कचऱ्याच्या डब्याचा आयकॉन, मग ‘सगळ्यांसाठी डिलीट’. ‘फक्त माझ्यासाठी’ दाबलं तर त्यांच्या फोनवरून जाईल, बाकीच्यांकडे तसाच राहील, आणि मग तो त्यांना काढताच येणार नाही. हा घोटाळा नेहमी होतो, म्हणून आधीच बजावा.

मेसेजवर दुहेरी बाण आणि ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेला’ असं दिसलं तर तो किमान पाच हातांतून आला आहे. असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो. 2020 पासून व्हॉट्सॲपने ही मर्यादा घातली आहे. ग्रुपचा नियमच करा : दुहेरी बाणाचा मेसेज या ग्रुपवर नाही. नियम खूण बघून लागतो, माणूस बघून नाही. काकांना लागेल तोच मंडळाच्या अध्यक्षांनाही लागला पाहिजे, आणि शक्य असेल तर पहिल्यांदा अध्यक्षांनाच लागू द्या.

प्रश्न : रक्त हवं आहे असे मेसेज येतात. अर्धे जुने निघतात. ठेवायचे की काढायचे? (राजेंद्रनगर, इंदूर)

ठेवायचे, पण ठरलेल्या साच्यात. रुग्णालय आणि वॉर्ड, रक्तगट, किती युनिट, रक्त की प्लेटलेट्स, तारीख आणि किती वाजेपर्यंत, नातेवाइकाचा नंबर. रुग्णाचं पूर्ण नाव आणि आजार नको. तारीख नसलेला मेसेज आला की ॲडमिनने आधी त्या नंबरवर फोन करायचा. लागला नाही किंवा "ते तर झालं" असं उत्तर आलं की मेसेज काढायचा. गरज भागली की पाठवणाऱ्याने त्याच मेसेजला उत्तर म्हणून ‘पूर्ण’ लिहायचं. हे करून घेणं ॲडमिनचं काम. लोक विसरतात, आणि मग एम.वाय. रुग्णालयातल्या त्या रुग्णाच्या घरच्यांना पुढचे तीन दिवस फोन येत राहतात.

प्लेटलेट्सचा मेसेज वेगळा ओळखा. त्या पाच दिवसच टिकतात, त्यामुळे रक्तपेढीत साठा कमी असतो आणि मागणी त्याच दिवसाची असते. डेंगीच्या दिवसांत हे वाढतं. उत्साही मेंबरांना एक आठवण हवी : संपूर्ण रक्त दिलं असेल तर पुरुषांनी पुन्हा 90 दिवसांनी आणि महिलांनी 120 दिवसांनीच द्यायचं असतं. दात्यांची यादी ग्रुपवर लावू नका, नंबर बाहेर जातात. ॲडमिनने ती आपल्याजवळ ठेवावी, रक्तगट आणि शेवटच्या दानाची तारीख घालून.

प्रश्न : मुलाला ॲडमिन व्हायला सांगितलं आहे. कोणीतरी काही वेडंवाकडं टाकलं तर पोलीस ॲडमिनलाच धरतात, असं सगळे म्हणतात. होकार द्यावा का? (तिलकनगर, इंदूर)

दुसऱ्याने टाकलेल्या मेसेजसाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून गुन्हा लागत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये हेच म्हटलं : ॲडमिनचा त्या मेंबरबरोबर समान हेतू किंवा आधी ठरवलेला बेत असल्याचं दिसलं पाहिजे. केरळ उच्च न्यायालयानेही 2022 मध्ये ॲडमिनला मेंबराच्या कृत्यासाठी जबाबदार धरायला नकार दिला. आपण मध्य प्रदेशात आहोत, इथल्या न्यायालयांवर ते निकाल बंधनकारक नाहीत, पण युक्तिवादात त्यांचं वजन असतं. आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराबद्दलच्या, आयटी कायद्यातल्या ज्या 66अ कलमाची भीती अजून घातली जाते ते सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2015 मध्येच रद्द केलं आहे.

याचा अर्थ डोळे मिटून बसावं असा नाही. धर्म-जातींमध्ये तेढ वाढवणारा मजकूर भारतीय न्याय संहितेच्या कलम 196 खाली येतो, आणि तो ॲडमिनने स्वतः पुढे पाठवला किंवा खाली अंगठा दाखवला तर तो त्याचा स्वतःचा सहभाग ठरू शकतो. सणांच्या आणि निवडणुकीच्या काळात जिल्हाधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली सोशल मीडियाबद्दल आदेश काढतात (1 जुलै 2024 पूर्वीचं 144), त्यांत ॲडमिनचा उल्लेखही असू शकतो. असा आदेश निघाला की वर्तमानपत्रात येतो. तो पूर्ण वाचून तिघांच्या ग्रुपवर ठेवा, ऐकीव सारांशावर जाऊ नका. त्या दिवसांत रात्री ‘फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतील’ हे सेटिंग लावून सकाळी काढणं सोपं पडतं. अनंत चतुर्दशीच्या रात्री मात्र ग्रुप बंद करू नका. झांक्यांच्या, म्हणजे चित्ररथांच्या मिरवणुकीच्या गर्दीत मूल चुकलं तर मेसेज येण्याची जागा तीच असते.

आधी सांगितलेला अपवाद असा : लहान मुलांशी संबंधित लैंगिक मजकूर कोणी टाकला तर स्क्रीनशॉट काढायचा नाही, सहॲडमिनलाही पाठवायचा नाही. तो जवळ ठेवणं आणि पाठवणं हाच पॉक्सो आणि आयटी कायद्याखाली गुन्हा ठरतो, हेतू कितीही चांगला असो. नंबर, तारीख, वेळ कागदावर लिहा, मेसेज काढा, मेंबर काढा, आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर किंवा जवळच्या ठाण्यात लगेच तक्रार नोंदवा.

मुलाने होकार द्यावा. एकट्याने मात्र नव्हे, तिघांत एक म्हणून.

प्रश्न : ग्रुप मराठी. पण तरुण मेंबर रोमनमध्ये लिहितात, सुना हिंदीत लिहितात. नवा ॲडमिन "मराठीतच लिहा" म्हणून मागे लागला आहे. वाद वाढतोय. (स्नेहलतागंज, इंदूर)

त्याला थांबवा. इंदुरात मराठी घरांतही "काय करून राहिलास" चालतं आणि त्याला कोणी परकं म्हणत नाही. हिंदीत लिहिणारी सून ग्रुपवर आहे, वाचते आहे, उत्तर देते आहे. तिला गप्प करून मराठी वाढणार नाही.

लिपीबाबत मात्र आग्रह धरायला एक व्यावहारिक कारण आहे. ग्रुपमधला शोध जसं टाइप केलं तसंच शोधतो. रोमनमध्ये लिहिलेली कोजागरीची सूचना देवनागरीत ‘कोजागरी’ शोधून सापडत नाही. शिवाय साठीपुढच्यांना रोमन मराठी वाचताना फार त्रास होतो. म्हणून मंडळाच्या अधिकृत सूचना देवनागरी मराठीत, गप्पा कशाही. कीबोर्डवर मराठी भाषा जोडून माइक दाबला की बोललेलं देवनागरीत उमटतं, हे तरुणांना दाखवलं तर निम्मे आपणहून वळतात. कोणाचं ऱ्हस्व-दीर्घ भर ग्रुपमध्ये सुधारू नका, अगदी शाळेचे निवृत्त गुरुजी असाल तरी. तसं करणाऱ्यालाच ॲडमिनने खासगीत सांगावं.

प्रश्न : दिवसाला किती वेळ द्यावा लागतो? (विष्णुपुरी, इंदूर)

सकाळी नऊच्या सुमारास एकदा आणि रात्री नऊच्या सुमारास एकदा, दहा-पंधरा मिनिटं पुरतात. बाकी वेळ ग्रुप म्यूट ठेवा. तिघांनी दिवस वाटून घ्यावेत, सोम-मंगळ एकाचे, बुध-गुरु दुसऱ्याचे, असं. ज्याचा दिवस नाही त्याने तातडीच्या गोष्टींशिवाय हात घालू नये. एकाच मेसेजवर दोन ॲडमिन दोन वेगळी उत्तरं देतात तेव्हाच मेंबरांना फट सापडते.

प्रश्न : आमच्या ग्रुपमधले एक सदस्य वारले. त्यांचा नंबर ग्रुपवर तसाच आहे. नवीन ॲडमिनने तो लगेच काढला, घरचे दुखावले. (रामबाग, इंदूर)

काढणं योग्य, घाई चुकीची. मेंबर काढला की कोणी कोणाला काढलं ही ओळ सगळ्यांना दिसते, आणि शोकसंदेशांच्या मध्येच ती आली की वाईट वाटणारच. शिवाय बरेचदा तो फोन आता पत्नी किंवा मुलाच्या हातात असतो. शोकसंदेश ते त्यातूनच वाचत असतात. तेराव्यानंतर, खरं तर महिनाभर थांबून, ओळखीच्या माणसाने घरी विचारावं : हा नंबर कोणी वापरणार आहे का, की घरच्या दुसऱ्या नंबराला जोडू? नवा नंबर आधी जोडा, जुना नंतर काढा. नंबर बंद करणार असतील तर मात्र विसरू नका. बंद झालेला नंबर काही महिन्यांनी कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देते.

आता झालं त्याबद्दल ॲडमिनने नव्हे, मंडळाच्या अध्यक्षांनी घरी जाऊन यावं.

प्रश्न : मी सात-आठ वर्षं एकटाच ॲडमिन होतो. आता थकलो. सरळ ग्रुप सोडून दिला तर चालेल? (नारायणबाग, इंदूर)

एकटे असताना सोडू नका. शेवटचा ॲडमिन बाहेर पडला की व्हॉट्सॲप उरलेल्यांपैकी कोणालाही आपोआप ॲडमिन करतं. तो माणूस कोण असेल हे तुमच्या हातात नाही, आणि बरेचदा त्याला स्वतःलाही कळत नाही.

दोन माणसं निवडा, त्यांच्याबरोबर वर लिहिली तशी बैठक करा, दोघांना अधिकार द्या आणि महिनाभर सोबत राहा. ग्रुप तुम्हीच तयार केला असेल तर तुमचं ॲडमिनपद दुसरं कोणी काढू शकत नाही, तेव्हा बाहेर पडण्याचा निर्णय तुम्हालाच घ्यावा लागेल. वर्गणीदारांची यादी, रक्तदात्यांची यादी, हॉल आणि मांडववाल्याचे नंबर, जुने स्क्रीनशॉट हे सगळं आधी त्यांच्या हवाली करा. मग निरोपाचा मेसेज, त्यात नव्या दोघांची नावं. आता कोणी सोडून गेलं तर ते फक्त ॲडमिनना कळतं, बाकी ग्रुपला सूचना जात नाही, त्यामुळे निरोप लिहिला नाही तर लोक महिनाभर तुम्हालाच फोन करत राहतील. बाहेर पडल्यावर नव्या ॲडमिनना निमंत्रणाची लिंक रीसेट करायला सांगा. तुमच्या फोनमधून वाटलेली जुनी लिंक अजून कुठेतरी जिवंत असेल. मेंबर म्हणून परत यायचं असेल तर तेच तुम्हाला जोडतील.